पाण्याखालची पट्टी

आमची शेती वर्षातले सात महिने पाण्याखाली असायची आणि पाच महिने आमची असायची. शाळेत हे सांगितलं तेव्हा सगळा वर्ग हसला होता आणि मी दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो असं आई म्हणते, तो तेव्हापासूनचा. पण मी सांगितलं ते खरंच होतं. माण तालुक्यातलं आमचं गाव. गावाच्या वरच्या अंगाला दोन टेकड्यांच्या मधे घातलेला बांध, बांधाच्या आत तळं, आणि तळ्याच्या तळाशी आमची पट्टी.

तळं काही देवानं दिलेलं नव्हतं. कुठल्याशा जुन्या दुष्काळात, लोकांना काम द्यायचं म्हणून, तो बांध घातला गेला. दगड फोडून आणि मातीच्या पाट्या डोक्यावर वाहून माणसांनी ओढा अडवला. त्यात आमच्याही घरची माणसं होती, एवढंच आईला ऐकून माहीत. त्यांनी बांध घातला आणि पाणी साठलं ते खालच्या बागायतवाल्यांच्या विहिरींना. आमच्या वस्तीला जमीनच नव्हती, त्यामुळे पाण्याचं करायचं काय हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही.

पण ओढा रिकाम्या हातानं येत नव्हता. दर पावसात वरच्या गावांची शेतं थोडी थोडी खरवडून तो आपल्याबरोबर आणायचा. जड वाळू-गोटे तोंडाशीच पडायचे आणि बारीक माती पुढं जाऊन सावकाश खाली बसायची. वर्षानुवर्षं असं झालं आणि ओढा जिथं तळ्याला मिळतो तिथं, बांधापासून लांबच्या टोकाला, तळं उथळ होत गेलं. त्या टोकाला आम्ही शेपटी म्हणायचो. दिवाळीनंतर तळ्याचं पाणी उतरायला लागलं की आधी शेपटी उघडी पडायची. काळीभोर माती, लोण्यासारखी मऊ. गावातले शहाणे म्हणायचे की तळं गाळानं भरत चाललंय, म्हातारं झालंय. आमच्या वस्तीवर मात्र सगळे त्या गाळाकडं डोळे लावून बसायचे. पाणी उतरलं की त्या ओल्या गाळात पेरायचं, वरून एक थेंबही पाणी न देता पीक काढायचं, आणि पुढच्या पावसात जमीन तळ्याला परत करायची. याला गाळपेर म्हणतात.

वस्तीतल्या दहा-बारा घरांच्या शेपटीत पट्ट्या होत्या. कुणाची कुठली ते जुन्या माणसांनी कधीतरी ठरवून दिलेलं. त्याला सातबारा नव्हता, कुंपण नव्हतं. कोपऱ्यांना पुरलेले चार दगड असायचे, पण गाळ चढून ते दरवर्षी बुडायचे. मग पट्टी सापडायची कशी? आईची रीत अशी होती. बांधावर पाणी सोडायचा एक दगडी बुरूज आहे. त्या बुरजाच्या बरोबर मागं, पलीकडच्या टेकडीवर, एकटं कडुलिंबाचं झाड होतं. चिखलात उभं राहून एक डोळा मिटायचा आणि बुरूज लिंबाला झाकेल असं सरकत जायचं. ही झाली एक रेघ. मग वळून सांडव्याचा कोपरा आणि गावातल्या देवळाचं शिखर एका ओळीत आणायचं. ही दुसरी. दोन्ही रेघा जिथं एकमेकींना कापतात तिथं पाय रोवायचा. त्या जागी विळ्यानं उकरलं की वीतभर खाली आमचा दगड लागायचाच.

"देवळात आपल्याला कुणी कधी बोलावलं न्हाई," आई म्हणायची, "पर शिखर कामाला येतं."

मी सहा-सात वर्षांची असताना तिनं मला हे शिकवलं. मला एक डोळा मिटता यायचा नाही. मी दोन्ही मिटायचे किंवा हातानं एक झाकायचे आणि हाताचा चिखल डोळ्यात जायचा. ती हसायची. हसताना ती कमरेवर हात ठेवून मागं वाकायची, अजून तशीच हसते.

वडील मुंबईला होते, गोदीत ओझी उचलायला. आमच्याकडचे निम्मे बाप्ये तिकडंच. ते सुट्टीला आले की बांधावर बसून विडी ओढत पट्टीकडं बघायचे. पेरणीचं काम सगळं आईचं आणि माझं. गाळपेरीत औत चालत नाही, बैल रुततो. हातानं टोकायचं, म्हणजे बोटानं भोक पाडून एकेक दाणा पुरायचा. पाणी हातभर मागं सरकलं की आम्ही एक ओळ पुढं. चार दिवसांनी पाणी आणखी सरकलं की आणखी एक ओळ. त्यामुळे आमच्या पट्टीत सगळा हरभरा कधीच एका वयाचा नसायचा. वरच्या ओळीत घाटे भरलेले असायचे तेव्हा मधल्या ओळींना फुलं असायची आणि अगदी खाली, पाण्याच्या कडेला, नुकते दोन पानांचे कोंब. पट्टीच्या वरच्या टोकाला उभं राहून खाली बघितलं की हरभऱ्याचं आख्खं आयुष्य एका नजरेत दिसायचं. मी आता शाळेत विज्ञान शिकवते. रोपाची वाढ हा धडा आला की मला पुस्तकातलं चित्र पुरत नाही.

आम्ही ओळ टोकून वर सरकलो की खालच्या चिखलात पाखरं उतरायची. लांब चोचीची, काडीसारख्या पायांची, आमच्या पावलांच्या खळग्यांत चोच घालून किडे वेचणारी. थंडीत रात्रभर तळ्यावर बदकांचा कालवा चालायचा. त्यांची नावं आम्हाला माहीत नव्हती. आई सगळ्यांना मिळून "पाव्हणं" म्हणायची. "पाव्हणं आलं, म्हंजी चिखल झाला," असा तिचा हिशोब. पाहुणे आले की बियाण्याचा डबा निघायचा.

तो डबाही सांगण्यासारखा. डालड्याचा जुना पत्र्याचा डबा, त्यात राखेत घोळवलेला गावरान हरभरा. लहान दाणा, तांबूस, चवीला गोड. आईच्या सासूनं तिला दिला, सासूला कुणी दिला ठाऊक नाही. काढणी झाली की पहिल्या चांगल्या घाट्यांचं बी डब्यात जायचं, मगच घरात डाळ व्हायची. घरात खायला काही नसलं तरी त्या डब्याला हात लागायचा नाही. एकदा मी भुकेच्या भरात मूठभर दाणे खाल्ले होते. राखेसकट. आईनं मला मारलं नाही, नुसती बघत राहिली. मारलं असतं तर मी कधीच विसरून गेले असते.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या पट्टीला तळं भरावं लागायचं आणि उतरावंही लागायचं. पाऊस झालाच नाही तर तळं कोरडं, गाळ दगडासारखा, त्याला भेगा. त्या वर्षी पट्टी असून नसल्यासारखी. आणि पाऊस फार झाला तर पाणी संक्रांतीपर्यंत हलायचं नाही, तोवर हरभऱ्याचा हंगाम गेलेला. येणं आणि जाणं, दोन्ही वेळेवर झालं तर आमचं पिकायचं. माणात पाणी येण्यासाठी सगळेच देवाला साकडं घालत. पाणी जाण्याची वाट बघणारी आमच्यासारखी दहा-बाराच घरं. ते तोंडानं कुणी बोलायचं नाही. पाण्याला नाव ठेवायचं नसतं आमच्याकडं.

शिकले, डी.एड. झाले, आणि नोकरी लागली पलूस तालुक्यात. तिथं पहिल्याच आठवड्यात मी रस्त्याच्या कडेला उभी राहून पाटाकडं बघत बसले होते. काठोकाठ पाणी. उसात पाणी, उसाच्या पलीकडं पाणी, रस्त्यावर सांडलेलं पाणी. शेजारीण सकाळी अंगणात नळाची पाइप सोडून गप्पा मारायची आणि मला तिच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटायच्या. एके दिवशी घरी येऊन अर्ज लिहायला बसले.

अर्ज लिहिणं ही माझी खोड. लोक रागावले की भांडतात, मी अर्ज लिहिते. शाळेच्या गळक्या छतापासून एसटीच्या थांब्यापर्यंत माझे अर्ज गेलेले आहेत आणि बऱ्याच वेळा कामही झालेलं आहे. तेव्हा नदीचं पाणी उचलून माणाकडं आणायचं काम पुढं सरकत होतं. कालवा आमच्या गावाच्या वरून जाणार होता. मी लिहिलं की कालव्याच्या पाण्यानं आमचं तळं भरून घ्यावं आणि ते बारमाही भरलेलं ठेवावं. बारमाही हा शब्द माझा. सरपंचांनी गावातर्फे केलेल्या कच्च्या मसुद्यात तो नव्हता. मी तो घातला, त्याखाली रेघ ओढली आणि स्वतःवर खूश झाले.

सह्यांसाठी सुट्टीत गावी गेले. पहिली सही कुणाची घ्यायची यावर बाप्यांची चर्चा चालली होती. मी म्हटलं, पहिली सही आईची. तिनं जन्मभर डोक्यावरून पाणी वाहिलंय. आई प्रौढशिक्षणाच्या वर्गात सही शिकली होती. तिनं पदर खोचला, जमिनीवर मांडी घातली आणि एकेक अक्षर सावकाश काढलं. काना जरा लांब गेला. मला त्या सहीचा एवढा अभिमान वाटला की अर्ज पोचता करायच्या आधी मी त्याची झेरॉक्स काढून ठेवली.

आमच्या पट्टीचं काय होईल हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. तिच्याही नाही. मी विज्ञान शिकवते, चार ओळींत पाण्याचं चक्र फळ्यावर काढून दाखवते, आणि माझ्या घरचा हरभरा कशावर पिकतो ते विसरले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. कुणी बाहेरच्यानं केलं असतं तर मी त्याच्याविरुद्ध अर्ज केला असता.

पाणी आलं ते दोन-तीन वर्षांनी, भर उन्हाळ्यात. वरच्या कालव्यातून ओढ्यात सोडलं आणि ओढ्यानं तळ्यात. सगळं गाव बांधावर. बायकांनी पाण्याची ओटी भरली, खण-नारळ सोडला. आमच्यात ओटी भरायची रीत नाही, आम्ही विहारात जाणारे. पण आईला रिकाम्या हातानं उभं राहवेना. ती घरी गेली, डब्यातून मूठभर हरभरा घेऊन आली आणि पाण्यात टाकला. वैशाखात तळ्यात एवढं पाणी तिनं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. ती रडत होती आणि मला म्हणाली, "तुज्या हाताला यश हाय गं."

त्यानंतर तळं उतरलंच नाही.

पहिल्या वर्षी दिवाळी झाली तशी आई रोज सकाळी बांधावर जायची. पाणी सांडव्याला टेकलेलं. मी फोन केला की सांगायची, "अजून उतारलं न्हाई. ह्या वर्सी पाऊस बी बरा हुता." दुसऱ्या वर्षी म्हणाली, "वरनं सोडत्यात ना, म्हून." तिसऱ्या वर्षी तिनं काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तेव्हा मला उमगलं होतं. एका अर्जानं मी आईची जमीन बुडवली होती. हात दाखवून अवलक्षण.

खोटं कशाला बोलू, गावाचं भलं झालं. विहिरी बारमाही झाल्या, टँकर थांबले, शेरडं-मेंढरं उन्हाळ्यात छावणीशिवाय जगली. खालच्या रानात कांदे आले, डाळिंबं आली. आमच्या वस्तीवरच्या बायकांना तिथं रोज काम मिळायला लागलं, आईलाही. पण तळं वेगळं झालं. शेपटीत उभ्या असलेल्या बाभळी पाण्यात कुजून वाळल्या आणि त्यांच्या खराट्यांवर पाणकावळे पंख पसरून बसायला लागले. काठाला बेशरमची झुडपं माजली. चिखल नाही, म्हणून लांब चोचीची पाखरं येईनाशी झाली. थंडीत बांधावर गेलं की नुसतं निळं, गप्प पाणी. फोटो काढायला आलेले लोक म्हणायचे, काय सुंदर. मी मान डोलवायचे.

डबा मात्र चालू होता. हरभऱ्याचं बी जुनं झालं की उगवत नाही, भुंगा लागतो. म्हणून आई दरवर्षी न्हाणीच्या सांडपाण्यावर, घराच्या मागं, दोन ओळी टोकायची. त्यातून ओंजळभर बी निघायचं, ते पुन्हा राखेत. वडील गेले त्या वर्षीही तिनं त्या दोन ओळी चुकवल्या नाहीत. मी एकदा म्हटलं, "कशाला एवढा खटाटोप? पलूसच्या बाजारात पोत्यानं मिळतो हरभरा."

"आपल्या पट्टीला तो मानवायचा न्हाई," ती म्हणाली. जणू पट्टी उद्याच वर येणार होती.

अशी सात-आठ वर्षं गेली. मग एका साली पावसानं दगा दिला, आणि कुठंतरी खाली पंपांचं काम निघालं म्हणून कालव्याचं पाणीही बंद झालं. विहिरींनी तळ गाठला. गावात पुन्हा टँकर यायला लागला. मार्गशीर्षात एका दुपारी मधल्या सुट्टीत आईचा फोन आला. नुसतं एवढंच बोलली, "उतारलं गं."

मी शनिवारची शाळा सुटल्या सुटल्या निघाले. विट्यावरून एसटी बदलून गावात पोचले तर टँकरपुढं घागरींची रांग लागलेली. ओळखीच्या बायकांची तोंडं सुकलेली. मी तोंड पाडून त्यांच्याशी बोलले आणि पाठ फिरवल्यावर जवळजवळ पळतच तळ्यावर गेले. आई शेपटीच्या कडेला उभी होती, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, बगलेत डबा. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि हसू दाबलं. गाव पाण्यासाठी तडफडत होतं आणि आम्ही मायलेकी चिखल बघून खूश झालो होतो. मला त्याची लाज वाटली. अजून वाटते. पण तो आनंद खरा होता.

आईनं एक डोळा मिटला. मग दुसरा उघडा डोळाही बारीक केला. "लिंब कुठं गेला?"

टेकडीवरचं लिंबाचं झाड जाऊन चार वर्षं झाली होती. तिथं पवनचक्की उभी होती. मला वाटलं आता संपलं. आई म्हणाली, "लिंबाच्या जाग्यालाच गाडलिया की. ती तर ती." बुरजानं पवनचक्कीचा खांब झाकेपर्यंत ती चिखलातून सरकत गेली. मग वळली, सांडवा आणि शिखर जुळवलं, पाय रोवला. "हितं उकर."

मी उकरलं. वीतभर खाली काही लागलं नाही. दोन वीत, काही नाही. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा विळा दगडावर वाजला. इतका गाळ चढला होता एवढ्या वर्षांत. पाणी वर निळं, गप्प दिसत होतं तेव्हाही खाली ओढा आपलं काम करतच होता. आईनं ती नवी माती हातात घेऊन चुरली, वास घेतला.

"आणखी काही वर्सं गेली की तळं सोताच मातीनं भरंल बघ," ती म्हणाली. "मग समदीच पट्टी."

"तोवर तू असशील का?"

"न्हाई. तूबी नसशील," असं म्हणून ती कमरेवर हात ठेवून मागं वाकून हसली.

डब्यातलं सगळं बी तिनं त्या पट्टीत टोकलं. बाकीच्या घरांकडं बी उरलंच नव्हतं, त्यांच्या पट्ट्या रिकाम्याच राहिल्या. मी म्हटलं, थोडं मागं ठेव. "आता मागं कशाला? ठिवायचंच ते हिच्यासाठी हुतं." पाणी सरकेल तशी एकेक ओळ, पंधरा-वीस दिवस ती एकटी करत होती, शनिवार-रविवार मी. तिचे गुडघे दुखायचे, चिखलातून पाय उपसताना तोंडातून आवाज यायचा, पण मला ती शिवू द्यायची नाही वरच्या ओळींना. आणि एका रविवारी लांब चोचीची चार पाखरं आमच्या मागं उतरली. आईनं नुसतं मला ढोसलं आणि हनुवटीनं दाखवलं.

नव्या गाळात हरभरा असा फोफावला की मांडीला लागला. माघ संपता संपता वरच्या ओळींचे घाटे टच्च भरले, मधल्या ओळी कोवळ्या, खाली अजून फुलं. वरच्या ओळी वाळून बी व्हायला पंधरा दिवस हवे होते. तेवढेच.

त्याच आठवड्यात, शनिवारी, पाटकरी आला. कालव्याचं पाणी सोडायचं-बंद करायचं काम त्याच्याकडं. आमच्याच गावचा पोरगा, शाळेत माझ्या दोन वर्षं मागं. तो सायकल बांधावर टेकवून खाली उतरला आणि पिकाकडं बघत उभा राहिला.

"मावशे, पंप सुरू झालं. सोमवारी पाणी सुटतंय."

आई हातातलं तण तसंच धरून राहिली. मी विचारलं, "पंधरा दिवस थांबवता येणार नाही?"

"अर्ज दिला तर व्हईल की. खालच्या गावास्नी आदी देत्याल, आपला नंबर मागं. उद्या ऐतवार, पर टंचाईपायी कचेरी उघडी हाय. तूच लिव्ह की गं, तुज्या अर्जानंच तर आलतं पाणी."

तो टोमणा नव्हता. त्याला खरंच कौतुक वाटत होतं.

मी घरी जाऊन अर्ज लिहिला. आयुष्यात एवढा चांगला अर्ज मी लिहिलेला नाही. गाळपेर म्हणजे काय, पट्ट्या कुणाच्या, बी कसलं, किती दिवस हवेत, सगळं. फक्त पंधरा दिवस. आई चुलीपुढं बसून ऐकत होती. मी वाचून दाखवला. तिनं तो हातात घेतला आणि बोट ठेवून, अक्षर लावत लावत, पुन्हा स्वतः वाचला. बाहेर टँकर आला होता, घागरींचा आवाज येत होता.

"सही कुठं करायची?"

मी जागा दाखवली. तिनं पदर खोचला, मांडी घातली आणि एकेक अक्षर काढलं. काना तसाच लांब गेला. पेनाचं टोपण लावून तिनं पेन मला परत दिलं.

"आता फाड."

मी म्हटलं, "काय?"

"मनात हुतं ते लिवून झालं. सही बी झाली. आता फाड. बाया दीड कोसावनं पाणी आणत्यात, आन् माज्या चार घाट्यांसाठी पाणी थांबवू?"

मी भांडले. तिच्यावर, पाटकऱ्यावर, पंपांवर, त्या जुन्या बारमाहीवर. पंधराच दिवस, मी म्हणत होते, आत्तापर्यंत कळ काढली ना गावानं. ती ऐकून घेत होती. माझं ओरडणं संपल्यावर मी अर्ज फाडला, आणि मग मला रडू आवरेना. तिनं फाडलेले तुकडे गोळा करून पदराला बांधले.

रविवारी आम्ही सगळा हरभरा उपटला. वस्तीवरची माणसं आली, गावातलीही आली, रिकाम्या घागरी बाजूला ठेवून. काठावर वाळक्या बेशरमच्या काटक्या रचल्या. आईनं पदराची गाठ सोडली, अर्जाचे तुकडे खाली घातले आणि काडी लावली. वर हिरवे डहाळे. घाटे तडतडायला लागले. हावळा म्हणतात आमच्याकडं, भाजलेल्या ओल्या हरभऱ्याला. बोटं काळी, ओठ काळे, पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघून हसत होती. पाटकरीही खात होता. लहानपणी खाल्ला तोच गोडवा, जिभेवर तस्साच.

मी वरच्या ओळीचे सगळ्यात भरलेले आठ-दहा डहाळे मागं लपवून ठेवले होते. आईनं ते बघितले.

"बी धरतीस व्हय?"

"धरू की. डबा रिकामा आहे."

"हिरव्याचं बी हुत न्हाई गं," ती म्हणाली, माझ्या हातातून डहाळे घेतले आणि जाळावर ठेवले.

सोमवारी दुपारी ओढ्यातून पाणी आलं. मी रजा टाकली होती. आधी खालच्या ओळींच्या पावलांच्या खळग्यांत पाणी भरलं, मग उपटलेल्या हरभऱ्याच्या भोकांत, मग आमचा दगड गेला. बायका घागरी घेऊन धावत होत्या आणि आई बांधावर उभी राहून त्यांना बघत होती. तिच्या तोंडावर खरोखरच आनंद होता. मी नीट बघितलं, मला शंका होती म्हणून.

आता आईला बांध चढवत नाही. दर दिवाळीनंतर मी गावी गेले की एकटीच जाते. एक डोळा मिटते, बुरूज आणि पवनचक्की जुळवते, सांडवा आणि शिखर जुळवते. काठावरून तिरकस बघावं लागतं, पण पाण्यावर ती जागा बरोबर सापडते. तिथं काही नसतं, एखादा पाणकावळा असला तर असतो. घरी आले की ती पहिल्यांदा तेच विचारते.

"पाणी किती हाय?"

"भरलंय, सांडव्यापर्यंत."

"बरं झालं," ती म्हणते. ती खोटं बोलत नाही हे मला माहीत आहे, आणि तेच मला सोसत नाही. फळीवरचा डबा मी अजून हलवलेला नाही. त्यात राख आहे.